भाजणीचं फायबर टेस्टिंग: लॅबचा अनुभव

थालीपीठ भाजणीच्या पाकिटावर 'हाय फायबर' छापायचं होतं म्हणून या लॅबला सॅम्पल दिलं. आधी चांगलं सांगते. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म भरायच्या आधीच विचारलं रिपोर्ट कशाला हवाय, आणि लेबलसाठी म्हटल्यावर म्हणाल्या मग क्रूड फायबर नको, डाएटरी फायबर करा. खरं तर स्वस्तातली टेस्ट करून मोकळं केलं असतं तरी आपल्याला काय कळणार होतं.

फरकही नीट समजावला. क्रूडमध्ये पीठ सव्वा टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये अर्धा तास उकळायचं, मग तेवढ्याच स्ट्राँग कॉस्टिक सोड्यात अर्धा तास, उरलेला गाळ वाळवून वजन करायचं आणि भट्टीत जाळायचा, जाळल्यावर जेवढं वजन घटलं ते क्रूड फायबर. ही पद्धत जर्मनीतली, 1860 च्या दशकातली, आणि ती पण गुरांच्या चाऱ्यासाठी. आता आपल्या पोटात कॉस्टिक असतंय का? या उकळण्यात विरघळणारं फायबर सगळं निघून जातं, हेमिसेल्युलोज म्हणून फायबरचाच एक प्रकार असतो, तोही बराचसा जातो, आणि शुगर-कोलेस्टेरॉलवाल्यांना नेमकं ते विरघळणारंच जास्त कामाचं. म्हणून तर पोषणमूल्यांच्या जुन्या तक्त्यांत ज्वारीचं क्रूड फायबर 1.6 टक्के दिसतं आणि हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) 2017 च्या तक्त्यात त्याच ज्वारीचं डाएटरी फायबर 10 च्या वर. डाएटरीवाल्या टेस्टमध्ये एन्झाइम घालून स्टार्च आणि प्रोटीन काढून टाकतात आणि न पचलेलं मोजतात, ते पटतं तरी.

आमचा आकडा 100 ग्रॅमला 12 च्या पुढं आला. 'हाय' म्हणायला एफएसएसएआयला, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याला, 6 लागतात, त्यामुळं आम्ही खुश, कोंडा न चाळता दळतो त्याचं चीज झालं.

आता तक्रारी. डाएटरीचा रेट क्रूडच्या कितीतरी पट आहे, एन्झाइम महाग असतात मान्य, पण छोट्या धंद्याला काहीतरी सवलत द्या की. रिपोर्ट सांगितलेल्या तारखेला आला नाही, फोन केला की 'उद्या मेल करतो' हेच. आणि आकडा ओलाव्यासकट का कोरड्या वजनावर ते रिपोर्टमध्ये लिहिलंच नव्हतं, मागून विचारून घ्यावं लागलं, हे लॅबवाल्यांना शोभत नाही.

साडेतीन स्टार. आता मिरची पूड द्यायचीय, तिला मात्र क्रूडच लागतं, नियमात 30 टक्क्यांची मर्यादा आहे, भुसा-देठाची भेसळ त्यात पकडली जाते. ती टेस्ट स्वस्त आहे हे एक बरं.