घरगुती सिंथेसायझरच्या क्रॉसफेडरसाठी टीएल०७४

दोन ऑसिलेटरांच्या (मूळ सूर निर्माण करणाऱ्या सर्किटांच्या) आवाजांमध्ये एकाच नॉबने अलगद सरकता यावे म्हणून क्रॉसफेडर घरी बांधायचा असेल, तर टीएल०७४ ही चार ऑपॲम्पची (सिग्नल वाढवणाऱ्या वा जोडणाऱ्या घटकांची), १४ पिनांची आयसी म्हणजे चिप मी निःशंकपणे सुचवेन. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ येथे ती सहज मिळते.

पॉटच्या, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या बदलत्या रेझिस्टरच्या, दोन टोकांना दोन सिग्नल देऊन मधल्या पिनवरून आउटपुट घेणे हा सर्वांत सोपा मार्ग खरा, पण त्यात नॉब मध्यावर असताना प्रत्येक सिग्नल निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने खाली येतो आणि सूर परस्परांशी असंबद्ध असतील तर एकूण आवाज ३ डेसिबलने दबलेला ऐकू येतो. मला ही खोट चालत नाही. म्हणून मी १० किलोओहमच्या लिनियर पॉटची मधली पिन ग्राउंडला जोडतो, दोन्ही सिग्नल ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पॉटच्या टोकांना देतो आणि त्याच टोकांवरून १००-१०० किलोओहमने बेरीज करणाऱ्या ऑपॲम्पकडे नेतो, ज्याच्या फीडबॅकला (आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या जोडणीत) १८० किलोओहम असतो. या मांडणीत मध्यावर प्रत्येक सिग्नल साधारण ३ डेसिबलनेच उतरतो आणि टोकाला गेन, म्हणजे आउटपुट आणि इनपुटचे गुणोत्तर, जवळपास एक राहतो.

टीएल०७४ इथे चपखल बसते. दोन ऑपॲम्प इनपुटचे बफर होतात, म्हणजे आधीच्या सर्किटवर भार न टाकता सिग्नल पुढे देतात, तिसरा बेरीज करतो आणि चौथा उलटलेला सिग्नल पुन्हा सुलटा करतो. एकही वाया जात नाही. त्याच पिनांवर बसणारी एलएम३२४ स्वस्त असली तरी तिच्या क्रॉसओव्हर विकृतीमुळे (सिग्नल शून्य ओलांडताना येणाऱ्या विकृतीमुळे) सौम्य आवाज खरखरीत होतो, त्यामुळे ध्वनीसाठी मी ती घेणार नाही.

मर्यादाही आहेत. जुन्या आवृत्तीत इनपुट ऋण पुरवठ्याच्या फार जवळ गेले की आउटपुट अचानक विरुद्ध बाजूला उलटते. युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझर पद्धतीच्या ±१२ व्होल्टवर १० व्होल्ट पीक-टू-पीक सिग्नलला हा धोका नाही, मात्र ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या उतरू लागल्या की बफरमध्ये कर्कश विकृती येऊ शकते. सर्किट डीसी-कपल्ड असल्याने, म्हणजे स्थिर व्होल्टेजही पुढे जात असल्याने, एलएफओ (संथ ऑसिलेटर) आणि एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारे व्होल्टेज) हेही त्यातून मिसळता येतात. स्वराचे नियंत्रण व्होल्टेज मात्र त्यातून नेऊ नये, कारण एक व्होल्ट प्रति सप्तक या पद्धतीत १० मिलिव्होल्टचा ऑफसेटही १२ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चूक घडवतो, शिवाय गेनमधली काही टक्क्यांची तफावत वेगळीच.

बांधताना पिन ४ ला धन आणि पिन ११ ला ऋण पुरवठा द्यावा, दोन्हींजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा, जॅक मोकळा असताना इनपुट तरंगू नये म्हणून तिथे १०० किलोओहम ग्राउंडला जोडावा आणि आउटपुटला १ किलोओहम मालिकेत ठेवावा. सॉकेट जरूर वापरावे.