पोर्टलचे फॉर्म स्क्रिप्टने भरायचे तर रिक्वेस्ट्स, सेलेनियम की प्लेराइट?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमधून रोज १८-२० डिस्पॅच निघतात. प्रत्येक गाडीमागे ग्राहक कंपनीच्या सप्लायर पोर्टलवर एक फॉर्म भरायचा असतो. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, पार्ट नंबर, नग, इनव्हॉइस नंबर आणि तारीख, ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं कागदपत्र) नंबर, गाडी नंबर, शिवाय इनव्हॉइसची पीडीएफ जोडायची. एका नोंदीला अडीच-तीन मिनिटं जातात, आणि नोंद दिसल्याशिवाय पलीकडच्या गेटवर गाडी आत घेत नाहीत. संध्याकाळी साडेसहाला टेम्पो ताडपत्री बांधून उभा, ड्रायव्हर केबिनच्या दारात, आणि आत दोघंजण माना खाली घालून टाइप करताहेत, हे चित्र सातपूर-अंबडमधल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल. तुम्ही यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे फॉर्म आपोआप भरणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून घ्यायच्या विचारात असाल, तर रिक्वेस्ट्स, सेलेनियम आणि प्लेराइट ही तिन्ही साधनं वापरून पाहिलेल्या माणसाचा हा अनुभव.

आधी एक चौकशी करा. पोर्टलवर एक्सेल अपलोड किंवा एपीआय (प्रोग्रॅमने थेट माहिती पाठवायची अधिकृत सोय) आहे का, हे ग्राहकाच्या परचेस खात्याला फोन करून विचारा. ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर एक्सेल टूलमधून जेसॉन फाइल (पोर्टलला वाचता येईल अशा रचनेतली माहिती) बनवून अनेक बिलं एकदम काढता येतात, तरी लोक ती एकेक करून भरत बसतात. अशी सोय असेल तर स्क्रिप्टच्या वाटेला जाऊच नका. नसेल, तर स्क्रिप्ट चालवायला हरकत नाही ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. लॉगिन तुमच्या कंपनीच्या नावावर आहे, ते बंद झालं तर गाड्याच थांबतील.

पहिला रस्ता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या रिक्वेस्ट्सचा. यात ब्राउझर नसतोच. सबमिट दाबल्यावर ब्राउझर जी माहिती सर्व्हरकडे पाठवतो, तीच स्क्रिप्ट थेट पाठवते. वेगाला तोड नाही, वीस नोंदी मिनिटाच्या आत. पण फॉर्ममध्ये दिसणाऱ्या रकान्यांबरोबर लपलेले रकानेही असतात. दर वेळी बदलणारं टोकन (सर्व्हरने दिलेला गुप्त शब्द) असतं, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर बनवलेल्या जुन्या पोर्टलवर व्ह्यूस्टेट नावाची लांबलचक ओळ असते. आधी पान मागवायचं, त्यातून हे काढायचं, कुकी (लॉगिनची खूण) सांभाळायची आणि मग पाठवायचं. ड्रॉपडाउनमध्ये पीओ निवडल्यावर पार्ट नंबर मागून भरले जात असतील, तर तीही विनंती वेगळी शोधून काढावी लागते. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे सर्व्हरकडून ‘ठीक’ म्हणून येणारा २०० हा कोड. तो आला म्हणजे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात लॉगिन संपलेलं असतं आणि सर्व्हरने २०० सोबत लॉगिनचं पान परत पाठवलेलं असतं. फॉर्म तुमच्याच वेबसाइटचा असेल, तो कसा चालतो हे माहीत असेल, तर रिक्वेस्ट्ससारखं दुसरं काही नाही. परक्या पोर्टलसाठी मी सुचवणार नाही.

सेलेनियम जुनं, २००४ पासूनचं. खरा ब्राउझर उघडतो आणि स्क्रिप्ट त्यात माणसासारखं टाइप करते, क्लिक करते. पूर्वी क्रोम अपडेट झालं की सेलेनियमला ब्राउझरशी जोडणाऱ्या ‘ड्रायव्हर’ प्रोग्रॅमची आवृत्ती जुळायची नाही आणि सकाळी सकाळी सगळं बंद. ४.६ आवृत्तीपासून सेलेनियम स्वतःच योग्य ड्रायव्हर आणतं, त्यामुळे ती कटकट मिटली. राहिली ती वाट पाहण्याची. पान लोड व्हायच्या आधी क्लिक गेलं तर चूक येते, म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘हे दिसेपर्यंत थांब’ असं लिहावं लागतं. नवशिके तिथे ‘पाच सेकंद थांब’ लिहितात. नेट मंद असलं की ते पाच सेकंद पुरत नाहीत.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० मध्ये आलेलं. क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, चालू आहे का, हे ते आपणहून तपासतं. रकाना त्याच्या लेबलवरून शोधता येतो, म्हणजे स्क्रिप्ट वाचली तरी ‘इनव्हॉइस नंबर’मध्ये काय भरलं ते कळतं. त्यातलं कोडजेन (केलेलं काम टिपून घेणारं साधन) सुरू करून एकदा हाताने फॉर्म भरला, की कच्ची स्क्रिप्ट तयार मिळते. आमच्याकडे हेच टिकलं. पण त्याची एक सवय आम्हाला महागात पडली.

पोर्टलवर सबमिट दाबलं की ‘नक्की पाठवायचं का?’ अशी छोटी चौकट येते. तिचं काय करायचं हे स्क्रिप्टमध्ये सांगितलेलं नसेल, तर प्लेराइट ती गुपचूप ‘कॅन्सल’ करतं. स्क्रिप्टने नऊच्या नऊ नोंदी ‘झालं’ म्हणून दाखवल्या, पोर्टलवर एकही गेली नव्हती. टेम्पो रातोरात सिन्नर-संगमनेरवरून चाकणला पोचला आणि सकाळी गेटवरून फोन आला की तुमची एंट्रीच नाही. ड्रायव्हर रिकाम्या पोटी रस्त्याच्या कडेला उभा आणि आम्ही इथून घाईघाईने हाताने फॉर्म भरतोय. सेलेनियममध्ये हीच चौकट हाताळली नाही, तर बहुधा पुढच्याच पावलाला एरर येते, निदान कळतं तरी. तेव्हापासून नियम केलाय. सबमिटनंतर पोर्टलने दिलेला नोंद क्रमांक वाचायचा, स्क्रिप्ट ज्या एक्सेलमधून माहिती घेते त्यात त्याच ओळीत लिहायचा आणि स्क्रीनचा फोटो ठेवायचा. क्रमांक नाही, तर नोंद झाली नाही.

याच्या उलट धोका दुबार नोंदीचा. सर्व्हर अडकला, स्क्रिप्टने पुन्हा पाठवलं, आणि एकाच इनव्हॉइसच्या दोन नोंदी झाल्या. हे साधन कुठलंही असो, घडू शकतं. पुन्हा पाठवण्याआधी तो इनव्हॉइस नंबर पोर्टलवर शोधायचा, सापडला तर पुन्हा न पाठवता पुढच्या नोंदीकडे वळायचं.

एक्सेलचं दुखणंही तिघांना सारखंच. पीओ नंबरच्या पुढची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं. ई-वे बिलाचा नंबर १२ अंकी, तो साध्या सेलमध्ये १.८१ई+११ असा दिसतो, आणि तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून साठवली की मागचे अंक कायमचे गेले. हे कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच नंबर टाका.

कॅप्चा आणि ओटीपीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पोर्टलच्या मालकाने तिथे माणूस मागितलाय, तर माणूसच बसवावा. सकाळी एकाने हाताने लॉगिन करावं, पुढचं स्क्रिप्टने. प्लेराइट ते लॉगिन फाइलमध्ये जपून ठेवू शकतं, पण ती फाइल म्हणजे पोर्टलची किल्लीच. पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअपवर फिरवू नका.

मग घ्यायचं कोणतं? दिवसाला पाच-सात फॉर्म असतील तर काहीच नको, स्क्रिप्ट सांभाळण्यातच तेवढा वेळ जाईल. दहाच्या वर असतील तर प्लेराइट, तेही पहिला महिनाभर अर्धवट. स्क्रिप्टने रकाने भरावेत, डिस्पॅचच्या माणसाने नजर फिरवून सबमिट दाबावं. आमचा अडीच मिनिटांचा फॉर्म असाही वीस-पंचवीस सेकंदांवर आला. सेलेनियम घ्या ते एका कारणासाठी. पोर्टल एज ब्राउझरच्या आयई मोडमध्येच (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं) उघडत असेल, तर प्लेराइटचा तिथे उपयोग नाही, सेलेनियम चालतं. आणि डिस्पॅचच्या टेबलावरचा पीसी अजून विंडोज ७ वर असेल, तर स्क्रिप्टवाल्याला बोलावण्याआधी तो बदला. पायथन ३.९ पासून पुढे त्यावर चालतच नाही.