दोन फुटी टँकसाठी मासे घ्यायला गेलो तर दुकानदाराने आधी पाण्याची चौकशी केली

ठाण्यात स्टेशनपासून थोडं आत गल्लीत एक छोटं फिश शॉप आहे, तिथून गेले काही महिने मासे घेतोय म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांना घरात शांत कम्युनिटी टँक करायचाय म्हणजे चार-पाच जातीचे छोटे मासे एकत्र, कोणी कोणाच्या मागे लागत नाहीये, कोणाच्या शेपट्या कुरतडलेल्या नाहीत, त्यांनी हे जरूर वाचा.

बहुतेक दुकानांत काय होतं, तुम्ही बोट दाखवायचं आणि ते पिशवीत भरून देणार, दोन गोल्डफिश, दोन टायगर बार्ब, एक एंजल, एक 'शार्क', काच साफ करायला एक सकर, झाला टँक. इथे तसं नाही. काउंटरवरच्या दादांनी पहिला प्रश्न विचारला टँक केवढा आहे, मी म्हटलं दोन बाय एक बाय एक, तर लगेच म्हणाले म्हणजे 56 लिटर, त्यात खडी आणि झाडं घातली की पाणी आणखी कमी. मग दुसरा प्रश्न, पाणी महापालिकेचं की बोअरचं? कारण बोअरचं पाणी जड म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात पण टेट्रा मूळचे अमेझॉनकडच्या मऊ पाण्यातले, त्यांना ते झेपत नाही. आणि टँक कधी सुरू केला, फिल्टर किती दिवस चालू आहे, हेही विचारलं. नवीन टँकमध्ये माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत मासे कोंबले तर एकेक करून मरतात आणि लोक म्हणतात दुकानदाराने आजारी मासे दिले.

मला निऑन टेट्रा हवे होते, दिसतातच तसे, निळ्या पट्ट्याखाली लाल. पण दादा म्हणाले निऑनला 25 अंशांच्या आसपास पाणी लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी 30 च्या पुढे जातं, तुम्ही चिलर म्हणजे पाणी थंड करायचं मशीन लावणार नाही, मग कार्डिनल टेट्रा घ्या, उष्णता जास्त सहन करतात पण महाग पडतात, नाहीतर हार्लेक्विन रासबोरा घ्या. स्वस्तातला मासा विकायचा सोडून हे सांगणारा दुकानदार मला तरी आधी भेटला नव्हता. शिवाय त्यांच्याकडच्या निऑनच्या एका टाकीवर कागद चिकटवलेला होता, 'विकायचे नाहीत'. नीट बघितलं तर दोन माशांचा लाल रंग मधेच पांढरट पडलेला, म्हणजे आजाराचं लक्षण. प्रत्येक टाकीला वेगळा स्पंज फिल्टर आणि वेगळी जाळी, ती जाळी त्याच टाकीच्या हुकाला लटकवलेली, एका टाकीतली दुसऱ्या टाकीत बुडवताना मी एकदाही पाहिलं नाही, म्हणजे एकीतला आजार दुसरीत जात नाही. माझ्या मते दुकान चांगलं की वाईट हे या एका गोष्टीवरून कळतं.

शेवटी ठरलं ते असं, 8 हार्लेक्विन रासबोरा, 6 अल्बिनो कोरी (छोटे मिशीवाले कॅटफिश) आणि हनी गुरामीची एक जोडी. रासबोरा मधल्या थरात, कोरी तळाला, गुरामी वर, म्हणजे जागेवरून भांडण नाही. रासबोरा आणि कोरी दोन-दोन घेऊन चालत नाही, थवा लागतो, एकटा पडलेला मासा कोपऱ्यात घाबरून बसतो आणि खातही नाही. सगळे एकदम दिले नाहीत, आधी रासबोरा, दोन आठवड्यांनी कोरी, आणि गुरामी सगळ्यात शेवटी, कारण जो मासा स्वतःची जागा धरून बसतो त्याला शेवटीच सोडायचा. कोरी देताना तर एकेक मासा काचेजवळ आणून मिशा दाखवल्या, अख्ख्या आहेत ना बघा म्हणाले. धारदार खडीवर आणि घाण तळावर कोरीच्या मिशा झिजतात म्हणून मला बारीक वाळू घालायला लावली. पिशवी बांधायच्या आधी टाकीत चिमूटभर खाणं टाकलं, जो मासा खायला आला नाही तो दिलाच नाही.

काय घेऊ नका हेही स्पष्ट सांगतात. टायगर बार्ब गुरामीच्या लांब मिशा ओढतात. एंजल लहान असताना गरीब दिसतो पण मोठा झाला की निऑनएवढा मासा सरळ गिळतो. फायटरसोबत (बेट्टा मासा) लांब शेपटीचे गप्पी नको. सकर दोन इंचाचा मिळतो आणि फूटभर होतो, शेवाळासाठी त्याऐवजी ब्रिस्टलनोज ही सकरचीच छोटी जात बरी, ती चार-पाच इंचांवर थांबते. आणि तो टँकमधला 'शार्क' म्हणजे पंगास, हॉटेलात बासा म्हणून खातो ना तोच, मीटरभर वाढणारा मासा, दोन फुटी टँकमध्ये त्याला ठेवणं म्हणजे निव्वळ हाल आहेत, आणि हा मासा ते विकतच नाहीत याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता कमी काय ते. दुकान लहान आहे, रविवारी संध्याकाळी उभं राहायला जागा नसते आणि तेव्हा दादांना एवढं बोलायला वेळ मिळत नाही, त्यामुळे मधल्या वारी दुपारी जा. कुर्ल्याच्या बाजारापेक्षा प्रत्येक माशामागे 10-15 रुपये जास्त जातात, मला ते पटतात कारण इथून आणलेला एकही मासा अजून दगावलेला नाही. झाडांचा माल मात्र कमी, व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न सोडलं तर फारसं काही नसतं. गाडी लावायला जागा नाही. सोमवारी बंद. जाताना टँकचा फोटो आणि असेल तर पाण्याचं टीडीएस रीडिंग (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) घेऊन जा, ते मागतातच.