खेळाडू द्यायचे की पैसा? एक नंबरचा पिचर आणण्याच्या दोन वाटा

डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या दोन बेसबॉल संघांना एकच गोष्ट हवी होती: खणखणीत पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सने कॉर्बिन बर्न्सशी 6 वर्षांचा, 21 कोटी डॉलरचा करार केला. बोस्टन रेड सॉक्सने मात्र चार होतकरू खेळाडू शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन डावखुरा गॅरेट क्रोशे मिळवला.

अ‍ॅरिझोनाला ताफ्यातला एकही खेळाडू सोडावा लागला नाही, पण पगाराचं ओझं पहिल्या दिवसापासून खांद्यावर आलं. क्रोशेचा 2025 चा पगार होता अवघा 38 लाख डॉलर! त्या वर्षी संघाचा एकूण पगार 24.1 कोटींच्या वर गेला की लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावरचा दंडवजा कर, लागत होता, त्यामुळे ही बचत फार मोलाची. हंगाम सुरू होताच बोस्टनने त्याला 2026 पासून 6 वर्षांसाठी, 17 कोटींत बांधून घेतलं.

2025 च्या हंगामात बर्न्स 11 सामने खेळला आणि त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. क्रोशेने 18 विजय आणि 255 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये फलंदाज बाद) मिळवले. पण निवाडा कोपरावरून करू नये. 2022 मध्ये क्रोशेवरही तीच शस्त्रक्रिया झाली होती. करार झाला तेव्हा बर्न्स 30 वर्षांचा होता, क्रोशे 25 चा. माझं मत ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बाजूने आहे ते या वयामुळे आणि पगारामुळे.

अर्थात त्या चार होतकरूंपैकी काइल टील आणि चेस माइड्रॉथ 2025 मध्येच शिकागोकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, खेळू लागले. ती किंमत बोस्टनने खरोखर मोजली आहे.