पाच लिटरचा केग आणि दिंडोरीची द्राक्षं

पाच लिटरचा स्टीलचा मिनी केग, म्हणजे पेय दाबाखाली ठेवायचं छोटं पिंप, झाकणावर रेग्युलेटर आणि नळ, रेग्युलेटरला पिळून बसवायचं १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं काडतूस. असा संच ऑनलाइन मागवला. सोबतचं माहितीपत्रक अथपासून इतिपर्यंत घरी बनवलेल्या एलबद्दल, म्हणजे एका प्रकारच्या बियरबद्दल. आपल्याकडे परवान्याशिवाय बियर गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, आणि मला ती गाळायचीही नव्हती. सासरची बाग दिंडोरीला. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक्स्पोर्टचा माल पेट्यांत गेला की सुटे मणी क्रेट भरभरून आमच्या गंगापूर रोडच्या घरी येतात. त्यांच्या रसाचा सोडा करायचा होता.

केग झकास आहे. तक्रार पत्रकाबद्दल आणि काडतुसांच्या खर्चाबद्दल.

पत्रक सांगतं, दाब १२ पीएसआय (टायरच्या हवेचा दाब मोजतात तेच माप) ठेवा. एलला ते बरोबर. ४ अंश सेल्सिअसला त्या दाबानं द्रवाच्या साधारण अडीचपट गॅस विरघळतो, बियरला तेवढा पुरे. पण नाकात झिणझिण्या आणणारा सोडा हवा तर साडेतीनपट तरी लागतो. म्हणून मी २२ ते २५ वर ठेवते. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाचा रस भलता गोड, त्यात निम्मं पाणी आणि लिंबू. केग चार लिटरच भरायचा, वरती जागा सोडायची. मग आडवा करून मांडीवर पाळण्यासारखा झुलवायचा, म्हणजे गॅसला रसाचा जास्त पृष्ठभाग मिळतो आणि तो लवकर मुरतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला तर आणखी चांगलं.

फ्रिज इथे चैन नाही. एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीकडे निघाला की ओट्यावरच्या रसात तेवढाच गॅस मुरवायला तिप्पट दाब लागेल, आणि तेवढा हा रेग्युलेटर देतच नाही. शिवाय द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच. बंद केगात कच्चा रस बाहेर ठेवलात तर तो स्वतःच आंबून दाब वाढवत राहील, आणि वर म्हटलेला कायदा दारात उभा. आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या की दोन दिवस बाहेर, बघू काय होतंय." नाही राहू दिला.

आता खर्च. चार लिटर रसात गॅस मुरवण्यातच दोन अख्खी काडतुसं संपतात, तिसरं ग्लासात ओतण्यासाठी. रविवारी मिसळीला दहा-बारा माणसं आली तर केग तासाभरात रिकामा, म्हणजे पुन्हा तीन. रोज वापरणार असाल तर फूड-ग्रेड गॅसचा छोटा सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर घ्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचा गॅस मिळतो म्हणून तो आणू नका, तो पिण्याच्या पदार्थासाठी नसतो. टायरमध्ये भरायची काडतुसंही नकोत. नाशिक सायकलवाल्यांचं गाव, ती सहज मिळतात आणि दिसतातही तशीच, पण त्यांत तेलाचा अंश असू शकतो. केकवाल्यांची क्रीम फेटायची काडतुसं तर नायट्रस ऑक्साइडची, वेगळाच गॅस.

ओतताना पत्रकाचं ऐकलं तर अर्धा ग्लास फेस. नळ थेट केगावर बसतो, मध्ये दाब खाणारी लांब, बारीक नळी नाही. म्हणून ओतण्याआधी रेग्युलेटर बंद करून सेफ्टी वाल्वनं दाब सोडायचा आणि ५ पीएसआयवर आणायचा. ग्लास गार हवा. नळ पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडला तर फेस जास्त. काळं मीठ नंतर, चिमूटभर आणि हळूच, कारण ते पडताच गॅस भसाभस सुटतो. मुलांना मात्र तेवढंच बघायचं असतं.

रस मलमलच्या कापडातून दोनदा गाळा, नाहीतर आतल्या नळीत चोथा अडकतो. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघा, शेगडीच्या सिलिंडरला बघतो तशीच. धुताना ब्लीच वापरू नका, त्यातल्या क्लोरीननं स्टीलला बारीक खड्डे पडतात. रबरी रिंगांना आल्याचा वास धरतो आणि जात नाही, म्हणून आल्याच्या सोड्यासाठी रिंगांचा वेगळा जोड ठेवलाय. विक्रेत्यानं संचात एकही जादा रिंग दिली नाही. ती मागवतानाच मागून घ्या.