आईच्या आठवणी: सालवार लिहाव्यात की आठवतील तशा?

आईच्या आठवणी उतरवताना मी दोन्ही पद्धती करून पाहिल्या. पहिली वही जन्मापासून सालवार, दुसरी तिला आठवेल तशी.

सालवार वहीचा उपयोग आहेच. कोण कधी गेलं, घर कधी बांधलं, हे नातवंडांना चटकन सापडतं. नोकरी आणि बदल्यांमध्ये गेलेलं आयुष्य असेल, तर कदाचित तीच बरी.

माझं अडलं ते एका प्रश्नापाशी. आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, पाटणकडचं; सासर दुष्काळी माणदेशात. १९७२च्या दुष्काळाचं सांगत होती: खडी फोडायची कामं, वाटपात मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ, रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, हे सांगता सांगता ती माहेरच्या चुलीपाशी गेली, आजीच्या भाजलेल्या हाताबद्दल बोलू लागली. मी मध्येच विचारलं, "हे कितव्या साली?" ती गप्प झाली. "काय लिहून ठेवलंय व्हय रे?" म्हणाली आणि कुकर लावायला उठली. असं चार-पाचदा झालं. पुढे तर साल आठवेना म्हणून ती प्रसंगच सांगेनाशी झाली. ती वही दुष्काळाच्या पुढे सरकलीच नाही.

दुसऱ्या वहीसाठी मी फक्त वस्तू पुढे केल्या. पितळी डबा, जातं, एक जुनं लुगडं. ती तासन्‌तास बोलली.

या पद्धतीत वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, हे खरं. आमच्या वहीत आत्या बाराव्या पानावर वारते आणि तिसाव्या पानावर लाडू घेऊन येते. पण त्यावर सुरुवातीला वंशावळ आणि पानाच्या कोपऱ्यात अंदाजे साल एवढं पुरतं. सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०) वाचताना आपण आठवणींमागे असेच पुढेमागे फिरतो, आणि निदान मी तरी कुठे हरवलो नाही.

सांगणारी व्यक्ती टापटिपीची असेल, रोजनिशी ठेवणारी असेल, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. आमच्याकडे मात्र दुसरी वही वाचून दाखवली, तेव्हा आईनेच मला थांबवलं. "आजीचा हात भाजला तो भूकंपाच्या आदल्या थंडीत. भूकंपानंतर तर आम्ही अंगणातच निजायचो, चूलही भाईरच होती." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. मी कोपऱ्यात १९६६ लिहिलं.