एका तारखेचे नामवंत शोधताना विकिडेटा: चांगला, पण पारखून घ्या

एकाच दिवशी जन्मलेली प्रसिद्ध माणसं शोधायला विकिडेटाची (विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पाची, म्हणजे मुक्त माहितीसाठ्याची) क्वेरी सेवा, म्हणजे त्या साठ्याला प्रश्न विचारायची सोय, फुकट आणि दमदार आहे. जन्मतारखेचा गुणधर्म पी५६९ घ्यायचा, त्यातला महिना आणि दिवस वेगळा काढून गाळणी लावायची. १२ फेब्रुवारी दिलीत तर डार्विन आणि लिंकन शेजारी येतात. सालही एकच, १८०९.

खरी गोम १ जानेवारीची. ज्यांचं फक्त जन्मसाल ठाऊक असतं, तेही इथे १ जानेवारीलाच जन्मलेले दिसतात आणि यादी भलतीच फुगते. म्हणून नुसती तारीख न घेता तिचं पूर्ण मूल्य (तारखेसोबत ती किती अचूक आहे याचीही नोंद) मागवा आणि अचूकतेचा आकडा बघा: ११ म्हणजे दिवसापर्यंत नोंद, ९ म्हणजे फक्त वर्ष. ही अट टाळली तर निकाल कुचकामी.

दुसरा घोळ पंचांगाचा. न्यूटन ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय, गणनेत २५ डिसेंबर १६४२ चा. सेवा ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या इंग्रजी कॅलेंडरची, तारीख देते, म्हणजे ४ जानेवारी १६४३. नाताळच्या यादीत तो शोधून मिळायचा नाही.

प्रसिद्धीसाठी विकिपीडियाच्या किती भाषांत लेख आहे, ती संख्या लावा; ५० पासून सुरुवात बरी. क्वेरी ६० सेकंदांत तुटते, तेव्हा सालांचे तुकडे पाडा. नवख्याला मात्र हे सगळं जडच जाईल.